धामणवाडी स्टँडचा करमणूक कर

मौजे धामणवाडी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी येथील सगुणाबाईंना एक सिनेमा बघायचा होता. मागणी एवढीच होती. पुढे जे घडलं त्याला ही बाई जबाबदार नाही हे आधीच नमूद केलेलं बरं, कारण सगळं तिच्यावर ढकलण्याचा प्रयत्न नंतर झाला.

सुगी उरकली की दरवर्षी बन्सीधरशेठ आपला फिरत्या टॉकीजचा तंबू घेऊन गावाच्या माळावर यायचे. संध्याकाळी भोंग्यावर गाणी लागायची. ती सगुणाबाईंना चुलीपुढे बसून ऐकू यायची, चित्र मात्र दिसत नसे. त्यांचे यजमान सूर्यभान गुरुजी गावच्या शाळेत शिक्षक होते. अर्धा सिनेमा घरबसल्या फुकट मिळतोय, तर उरलेल्या अर्ध्यासाठी पूर्ण तिकीट काढणं त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं.

गुरुजी कंजूष नव्हते. कंजूष माणसाला पैसा आवडतो म्हणून तो खर्च करत नाही. गुरुजी तत्त्व म्हणून करत नसत. घरच्यांना या दोन्हींतला फरक कधी जाणवला नाही, ही गोष्ट वेगळी.

"औंदा तरी एक पिच्चर दाखवा," सगुणाबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून नुसते भिंतीवरचे पोस्टर दाखवायलात."

"पोस्टरवरून कथानकाचा अंदाज येतो," गुरुजी म्हणाले.

"मग लगनाच्या टायमाला तुमचा फोटू बघून मला कामून अंदाज आला न्हाई?"

यावर गुरुजींनी, अडचणीत सापडले की ते जे करत तेच केलं. त्यांनी तज्ज्ञाचा सल्ला घ्यायचं ठरवलं.

तज्ज्ञांना तोटा नव्हता. त्या दिवसांत प्रत्येक वर्तमानपत्रात आणि साप्ताहिकात एक तरी गृहस्थ दुसऱ्याच्या पैशाची काळजी करू लागला होता. संसार कसा करावा, शिल्लक कुठे टाकावी, मुलीच्या लग्नाची तरतूद ती जन्मण्याआधी कशी करावी, हे सगळं रविवारी छापून येई. गुरुजी या सल्ल्यांचे भक्त होते, पण वर्तमानपत्र विकत घेणं हाच मुळात सल्ल्याचा भंग असल्यामुळे ते किराणा दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचत. गल्ल्यामागच्या रद्दीत रविवारचं पान दिसलं की गुरुजी म्हणत, "त्या कागदात काहीतरी बांधून द्या." दुकानदार त्यात मुरमुरे बांधून देई, कारण पानाच्या आकारात दुसरं काही बसत नसे. अशा रीतीने काटकसरीच्या शोधात घरात मुरमुऱ्यांची दोन पिंपं भरली.

सल्लागारांचं आपसात पटत नव्हतं. एक म्हणे सोनं घ्या, दुसरा म्हणे विमा उतरवा, तिसरा पोस्टात टाका म्हणे, आणि चौथा आधीच्या तिघांपासून सावध राहायला सांगे. यातला चांगला कोणता हे ओळखायची गुरुजींनी एक कसोटी काढली. ज्याच्या सल्ल्यात काहीच घ्यावं लागत नाही, तो खरा. या कसोटीला 'संसारमित्र' नावाने लिहिणारा एकच गृहस्थ उतरला. त्याने लिहिलं होतं : 'करमणूक विकत घेणे हे आळशीपणाचे लक्षण होय. आपल्या परिसरात दररोज विनामूल्य घडणारी करमणूक शोधा व सहकुटुंब तिचा लाभ घ्या. मात्र' — आणि पान तिथे फाटलं होतं. लेखाचा उत्तरार्ध कोणाच्या शेंगदाण्यांभोवती गेला ते कळलं नाही. गुरुजींना पूर्वार्ध पुरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बायको आणि दोन पोरांना घेऊन स्टँडवर गेले.

धामणवाडीचं स्टँड म्हणजे एक भिंत, एक पत्रा आणि एक चिंच. संध्याकाळची जिंतूरची गाडी चारठाण्याकडून भरून येई आणि इथे आणखी भरायची असे. गाडीचा आवाज आला की माणसं पळत सुटत. गाडी थांबण्याआधी खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हातात असेल ते आत फेकायचं. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा कायदा निजामाच्या मोटारींपासून चालत आलेला. या विद्येत मुंजाजी नावाचा एक दूधवाला पारंगत होता. पळता पळता, डाव्या हातात कॅन सांभाळत, तो उजव्या हाताने पटका असा फेकी की तो तिसऱ्या बाकावर जाऊन नीट पसरे. एकदा पटका घरी विसरला तर त्याने मेहुण्याला उचलून आत टाकलं होतं.

गुरुजींनी चिंचेखाली पोतं अंथरलं. मुरमुरे काढले. सगुणाबाई तोंड फुगवून बसल्या. तेवढ्यात गाडी आली. मुंजाजीचा पटका आणि दुसऱ्या कोणाची तरी टोपी एकाच जागेवर पडली, टोपीवाला म्हणाला टोपी आधी, मुंजाजी म्हणाला पटका मोठा, आणि हा वाद चालू असताना एक म्हातारी शांतपणे येऊन दोन्हींवर बसली. सगुणाबाईंना हसू फुटलं, आणि हसू फुटल्याचा त्यांना फार राग आला.

"बघ," गुरुजी म्हणाले. "हाणामारी आहे, विनोद आहे, शेवट गोड आहे. तिकीट नाही."

"गाणं न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या.

पण आठवडा उलटायच्या आत गाव चिंचेखाली लोटलं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे दोरी. पोरं शिट्ट्या मारू लागली. मुंजाजीचा पटका अचूक बसला की 'वन्स मोअर' होई, मग ड्रायव्हर माणुसकी म्हणून गाडी मागे घेई आणि मुंजाजी पुन्हा पळे. प्रवासी हळूहळू धुतलेले कपडे घालून येऊ लागले. घरचे मुरमुरे लोकांना कमी पडायला लागले. उलट बन्सीधरशेठचा तंबू ओस पडला. पडद्यावर नायक मरत होता आणि बघायला दोन कुत्री.

शेठ चिंचेखाली आले.

"गुरुजी, ये क्या चलाया तुमी? मी तंबूचं भाडं भरतो, सरकारला करमणूक कर भरतो. तुमचा हा खेळ कोणत्या कायद्यात बसायलाय?"

"हा खेळ नाही शेठ. लोक गाडीत चढायलेत."

"चढणारे चढायलेत. बसणारे काय करायलेत?"

प्रश्न बिनतोड होता, आणि बिनतोड प्रश्न सरकारकडे पाठवायचा असतो. आठ दिवसांनी करमणूक कर निरीक्षक व्यंकटराव गाडीने आले. गर्दीने त्यांना दारातून बाहेर काढलं तेव्हा त्यांची टोपी आत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यंकटरावांनी हा प्रसंग पुरावा म्हणून नोंदवला.

"लोक हसतात?" त्यांनी विचारलं.

"हसतात," गुरुजी म्हणाले.

"रोज?"

"बाजाराच्या दिवशी गाडी येत नाही."

"म्हणजे खेळाला साप्ताहिक सुट्टी आहे. सुट्टी आहे म्हणजे व्यवस्थापन आहे. व्यवस्थापक कोण?"

मधल्या दोरीच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या गावाने गुरुजींकडे बोट केलं. कोणत्याही सार्वजनिक कामात गावाची एवढी एकजूट आधी दिसली नव्हती.

सरकारी पगार घेणाऱ्याने परवान्याशिवाय खेळ चालवणं म्हणजे नोकरीवर पाणी. "साहेब, मी फक्त बघतो," गुरुजी म्हणाले. "मी एका लेखात वाचलं होतं. अर्ध्या."

"मग आपण प्रेक्षक. प्रेक्षकाने तिकीट काढलं पाहिजे. तिकीट काढायचं तर ते विकणारा पाहिजे, आणि विकणाऱ्याला परवाना पाहिजे." व्यंकटरावांनी इकडेतिकडे पाहिलं. परवाना असलेला एकच माणूस तिथे होता.

अशा रीतीने बन्सीधरशेठचा तंबू माळावरून उठला आणि स्टँडभोवती लागला. कनातीमुळे भिंतीवरच्या विद्यापीठ नामांतराच्या घोषणा झाकल्या गेल्या, हवं म्हणणाऱ्यांच्याही आणि नको म्हणणाऱ्यांच्याही. दोन्ही बाजूंनी निषेधाची निवेदनं दिली. एकाच मुद्द्यावर त्यांची सही होण्याचा गावातला तो पहिलाच प्रसंग होता. व्यंकटरावांनी दोन्ही निवेदनं एकाच टाचणीने जोडून घेतली.

आता प्रश्न प्रवाशांचा आला. त्यांनाही कनातीच्या आतच यावं लागणार होतं. मग ते कोण? बराच खल होऊन प्रवासी हे कलावंत ठरले आणि त्यांना प्रवेश विनामूल्य झाला. अट एक होती : कलावंताने कला दाखवली पाहिजे. जो रांगेत उभा राहून शांतपणे चढेल तो कलावंत समजला जाणार नाही, त्यास तिकीट पडेल. त्यामुळे ज्यांना आयुष्यात कोणाला ढकलायची सवय नव्हती अशी भली माणसंही ढकलू लागली. एका कीर्तनकाराने कंडक्टरचा सदरा फाडला आणि नंतर घरी जाऊन रडला.

शेवटी कोणीतरी डेपोला विनंती केली की संध्याकाळी एक गाडी जादा सोडा. गाव अशी विनंती कैक वर्षं करत होतं आणि तिला उत्तर म्हणून काही येत नव्हतं. या वेळी मात्र जादा गाडी आली. सगळ्यांना जागा मिळाली. मुंजाजी पटका हातात धरून खिडकीशी उभा राहिला, आतली रिकामी बाकं बघितली आणि उदास होऊन दारातून चढला. प्रेक्षकांनी पैसे परत मागितले. बन्सीधरशेठ व्यंकटरावांकडे धावले आणि व्यंकटरावांनी वर कळवलं : 'सदर जादा गाडीमुळे गर्दीचे, पर्यायाने शासकीय महसुलाचे, भरून न येणारे नुकसान होत आहे.' जादा गाडी दुसऱ्याच दिवशी बंद झाली. शासन हलत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गुरुजींना संस्थापक म्हणून फुकट पास मिळाला होता, तोही पहिल्या रांगेतला. एकट्यापुरता.

"आता तिकीटच काढायचंय तर पिच्चरचं काढा," सगुणाबाई म्हणाल्या.

"पिक्चर कुठंय? तंबू तर स्टँडला लागलाय."

गाण्यांचा भोंगा बंद होऊन महिना झाला होता, हे सगुणाबाईंच्या आता लक्षात आलं. आधी निदान अर्धा सिनेमा होता. नवऱ्याच्या काटकसरीत तोही गेला.

"जिंतूरला पक्कं थेटर हाय," त्या म्हणाल्या. "माझी बहीण बी तिथंच हाय."

"संसारमित्राचं म्हणणं असं आहे..."

"त्याला बायको हाय का?"

गुरुजींना हे माहीत नव्हतं. लेख अर्धाच होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पास दाखवून पहिल्या रांगेत बसले. गाडी आली. कलावंत धावले. त्यांत आज एक बाई होती. पदर खोचलेला, काखेत एक पोर, हाताशी एक, डोक्यावर मुरमुऱ्यांचं भलं मोठं गाठोडं. गाठोडं तिने पळत्या गाडीच्या खिडकीतून असं भिरकावलं की ते फुटून अख्ख्या बाकावर मुरमुरे पसरले. तीन माणसांची जागा एका फेकीत धरली गेली. तंबू टाळ्यांनी दणाणला. पोरं खिडकीतून आत गेली. मुंजाजीचा पटका आधीच पडलेला होता, तो त्यांनी मुरमुऱ्यांसकट बाहेर टाकला.

"माय, ती जागा माझी हाय," मुंजाजी म्हणाला.

"बापा, तू रोज जायलास. मी आज पहिल्यांदा निघालेय."

दारात चढताना तिचा पदर कडीत अडकला. ती पुढे ओढत होती, मागून रेटा येत होता, गळ्याला फास बसत होता, आणि आख्खा तंबू पोट धरून हसत होता. गुरुजीही हसत होते. हसता हसता त्यांनी ते लुगडं ओळखलं.

पदर सोडवला तो मुंजाजीने. जागा गेलेला तोच.

गुरुजी उठून गाडीकडे धावले. व्यंकटरावांनी त्यांना अडवलं. "आपण प्रेक्षक वर्गात आहात. प्रेक्षकाला गाडीत चढता येणार नाही."

"साहेब, ती माझी बायको आहे!"

"अतिशय गुणी कलावंत आहेत. आपल्याला वर्ग बदलायचा तर अर्ज करा."

गाडी हलली. सगुणाबाईंचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. "पिच्चर बघून उद्या येते," त्या ओरडल्या. "घरी मुरमुरे हायत, खावा!"

त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या. बायकांनी पिच्चर कसा होता विचारलं. "लय भारी," सगुणाबाई म्हणाल्या. "एकाच जागी मला कसनुसं झालं. पडद्यावर एका बाईचा जीव जायला आला, आन् मी मुरमुरे खात बसले. मग म्हणलं, ही तर खोटी हाय."

व्यंकटरावांची पुढे बढती झाली. हल्ली ते लेखी करमणुकीचं खातं बघतात. या कथेबाबत त्यांनी चौकशी केली आहे. आपण हे बसून वाचलंत, सोबत काही खाल्लंही असेल. पदर अडकला त्या ठिकाणी आपण हसलात की उठलात, एवढंच त्यांना हवंय. उठला असाल तर प्रश्न मिटला.

नसाल तर तिकीट दाखवा.