फुली-गोळा

अंड्यांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये. डेलावेअरच्या या टोकाला माणसांपेक्षा कोंबड्या जास्त, आणि त्यातल्या निम्म्या तरी माझ्या हाताखालून जन्मल्या असतील. उबवणी केंद्रात एकेचाळीस वर्षं काढली आहेत मी. तेव्हा सापाची सहा अंडी उबवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. आता तेच गाव दुकानात भेटलं की विचारतं, "काय एल्वुड, पिल्लं काय म्हणतात?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन मी थकलो आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मुळात साप माझा नाही. माझ्या बायकोचा, मॅक्सीनचा. डचेस तिचं नाव. आखूड, जाडजूड अजगर, घाबरला की चेंडूसारखा गोळा होणारा. मॅक्सीननं तिला आणलं तेव्हा ती पेन्सिलीएवढी होती. पुढची चौदा वर्षं त्या दोघींचं एक वेगळं घर होतं, आणि मी त्या खोलीकडे फिरकत नसे. "एक तर मी, नाही तर साप," असं एकदा म्हणून पाहिलं होतं. मॅक्सीननं विचार करायला जरा जास्तच वेळ घेतला. पुन्हा मी ते म्हटलं नाही.

दर थंडीत ती म्हणायची, "पुढच्या वर्षी डचेसला पिल्लं होऊ द्यायची." मग कधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघायचं, कधी छपराचं काम. पुढे तिचं आजारपण आलं, आणि त्यापुढचं वर्ष उजाडलं तेव्हा मॅक्सीन नव्हती. आम्हाला मूलबाळ नाही. घरात राहिलो मी आणि काचेच्या पेटीतली ती. मी ठरवलं, ही पिल्लं होणार. मॅक्सीनच्या हातचं काहीतरी या घरात जिवंत राहायला हवं, मग ते वळवळणारं का असेना.

साप पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या योलँडानं आपला नर उसना दिला. त्यांच्यात तशी पद्धतच आहे, नर न्यायचा आणि पिल्लं झाली की निम्मी निम्मी करायची. योलँडा शाळेची बस चालवते. नराचं नाव बिस्किट. महिनाभर दोघं दोन कोपऱ्यांत पाठ फिरवून पडून होते.

"मिस्टर एल्वुड, तुम्ही सारखे डोकावू नका," योलँडा म्हणाली. "त्यांना अवघडल्यासारखं होतं."

"मला काय त्यांचं! मी आपला पाणी बदलायला जातो."

"दिवसातून आठ वेळा?"

मी डोकावणं बंद केलं आणि जमलं एकदाचं. मे महिन्यात डचेसनं सहा अंडी घातली. पांढरी, चामड्यासारखी मऊ, एकमेकांना चिकटलेली. त्यांना वेटोळं घालून ती बसली. मी योलँडाला फोन लावला.

"छान झालं. आता ती अंडी काढून उबेच्या पेटीत ठेवा," ती म्हणाली. "पण आधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करा बरं का. का ते सांगते..."

मला हसू आवरेना. "पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी अंड्यांवर खुणा करतोय."

"मग काळजीच मिटली," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आम्ही कोंबडीवाले अंड्याच्या एका अंगाला फुली काढतो आणि दुसऱ्या अंगाला गोळा. कारण अंडं दिवसातून तीनदा उलटावं लागतं. नाही उलटलं, तर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. खुडूक कोंबडीसुद्धा दिवसभर चोचीनं अंडी फिरवत असते. मी डचेसकडे पाहिलं, तर ही बया दगडासारखी बसलेली. एक अंडं हलवेल तर शपथ.

"आळशी कुठली," मी तिला म्हणालो आणि अंडी काढायला लागलो. ती सोडेना. एकेक वेटोळं हातानं उलगडावं लागलं. चिकटलेली अंडी हलक्या हातानं सुटी केली, सहाही अंड्यांवर फुली आणि गोळा काढला, ती उबेच्या पेटीत ठेवली आणि घड्याळाला तीन गजर लावले. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ.

पहिल्या आठवड्यात बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर आत बारीक लाल शिरा. मी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणालो, "मॅक्सीन, बघ गं."

त्या अंड्यांपायी मी पत्ते सोडले, चर्चनंतरचं जेवण सोडलं. पण बहिणीच्या, नेल्डाच्या मुलीचं लग्न कसं सोडणार? ते दोन तासांवर, आणि मधे दुपारचे दोन वाजणार. मी सरबत थंड ठेवायच्या पेटीत गरम पाण्याच्या पिशव्या भरल्या, मधे अंड्यांचा डबा ठेवला आणि पेटी तान्ह्या बाळासारखी गाडीत शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधून लग्नाला नेली. तिथे नेल्डानं सरबत काढायला नेमकं तिचंच झाकण उघडलं.

"एल्वुड, हे काय आणलंयस?"

"सापाची अंडी."

"माझ्या पोरीच्या लग्नात?"

"मॅक्सीनच्या डचेसची आहेत, नेल्डा."

नेल्डाला सापाचं चित्रही सहन होत नाही. पण मॅक्सीनचं नाव ऐकलं आणि ती थबकली. मग गजर झाला. मी अंडी उलटायला घेतली, तर ती म्हणाली, "थांब, एक मी करते." तिनं डोळे मिटून एक अंडं उलटलं. मग नवरी आली, नवरा आला, खेकडे खाणारी मंडळी हात पुसून आली. मॅक्सीन सगळ्यांची लाडकी होती. सहाही अंडी सहा जणांनी उलटली, आणि प्रत्येकानं हळूच काहीतरी म्हटलं. इतकं प्रेम मी कुठल्याच अंड्याला मिळालेलं पाहिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात अंडी पिवळी पडली. मग खोलगट झाली, मग हिरवी बुरशी आली. मी पाणी शिंपडलं, ऊब वाढवली, आणि सांगायला लाज वाटते, पण दिवसातून पाच वेळा उलटायला लागलो. शेवटी योलँडाला बोलावलं.

तिनं एक अंडं हातात घेऊन पाहिलं. "ही फुली ठीक आहे. पण खाली हा गोळा कसला?"

"ती दुसरी बाजू."

"दुसरी बाजू कशाला?"

"उलटल्यावर कळायला नको?"

योलँडानं अंडं खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि बसली. "मिस्टर एल्वुड, सापाचं अंडं उलटत नाहीत. जसं पडलं तसंच राहू द्यायचं. वरची बाजू खाली गेली की आतला जीव गुदमरतो. खूण त्यासाठी असते, चुकून हललं तर परत तसंच ठेवता यावं म्हणून. किती वेळा उलटलीत?"

मला आकडा सांगवेना. "बऱ्याचदा," मी म्हणालो. "लग्नाच्या पाहुण्यांनीही उलटली."

ती हसली नाही. "चूक माझी. मी नीट सांगायला हवं होतं."

"तू सांगतच होतीस. ऐकायला कुणी नव्हतं."

म्हणजे डचेस आळशी नव्हती. आपलं काम चोख करत होती ती. मी तिच्या मिठीतून सहा जिवंत पिल्लं ओढून काढली आणि जपून जपून मारली. मॅक्सीनची म्हणून तेवढीच तर होती. नेल्डा दर रविवारी फोन करते, "माझं अंडं कसं आहे रे?" मी अजून तिला सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेल.

जाताना योलँडा काचेच्या पेटीपाशी थांबली. डचेस रिकाम्या जागेला वेटोळं घालून बसली होती. अंडी काढल्यापासून तिनं घास घेतला नव्हता.

"हिला धुतलंत का?"

"सापाला धुतात?"

"अंड्यांचा वास अंगाला राहतो. तो आहे तोवर तिला वाटतं, अंडी आहेतच. मग जेवत नाही, जागा सोडत नाही. कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा आणि तिचं अंथरूण बदला. वास गेला की सोडून देते ती."

"आणि नाहीच धुतलं तर?"

"बसून राहील. वाळून जाईल."

मी तिला भांड्याच्या साबणानं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुतलं. आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ हातात धरलं. तिची माफी मागितली. ऐकलं की नाही देव जाणे, सापाला कान नसतात. चौथ्या दिवशी तिनं उंदीर खाल्ला.

त्याच दिवशी मी म्हटलं, आता आपणही शहाणं व्हावं. मॅक्सीनच्या उशीचा अभ्रा सोळा महिन्यांत धुतलेला नाही. तो काढला, धुण्याच्या यंत्रापर्यंत नेला, झाकणही उघडलं. पण पावडर संपली होती. म्हणजे डब्यात थोडी होती, नाही असं नाही, पण एका अभ्र्याला ती पुरली असती की नाही, सांगता येत नाही. उगाच अर्धवट धुण्यात काय अर्थ आहे? परत नेऊन उशीला चढवला.