मोठ्या चाकांची गाडी

बयाबाई आत्या मागच्या सीटवर टेकल्या आणि गाडीनं डावीकडं अंग टाकलं. विनोदनं ते पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. मांडवगण फराट्याच्या त्या गल्लीत शेजारपाजारची माणसं गोळा झाली होती आणि त्यातली निम्मी वाकून वाकून चाकंच बघत होती. विनोदनं आपल्या जुन्यापान्या पांढऱ्या गाडीला गेल्याच आठवड्यात शिक्रापुरातून मोठी अलॉय चाकं आणि चांगले रुंद टायर बसवून आणले होते. गाडी तीच होती, पण आजोबांनी पैलवान नातवाचे बूट घालावेत तशी दिसत होती.

"झ्याक दिसती," शेजारचे नवनाथमामा म्हणाले, "पर आतली माणसं तीच ऱ्हानार का?"

विनोद हसला. टायर बसवणारा परप्रांतीय कारागीर त्याला म्हणाला होता, "भैया, लुक एकदम मस्त। बस, पीछे लोड मत डालना, घिसेगा।" पण विनोदच्या गाडीत रोज बसतं कोण? तो आणि त्याचा जेवणाचा डबा. तेव्हा त्यानं मान डोलावली आणि विषय तिथंच सोडला.

आज मात्र डब्याच्या जागी माणसं होती. विनोदचे वडील चांगदेवआबा, आई जाईबाई आणि आबांची थोरली बहीण बयाबाई असे तिघं धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला निघाले होते. रेल्वे दौंडहून होती. गावातली बाकीची मंडळी सकाळीच जीपनं गेली. आबाही त्यांच्याबरोबर जाणार होते, पण विनोदनं अडवलं. "पोराची गाडी दारात असताना जीपला लटकत जाणार व्हय?"

आत्यांची तर कितीतरी वर्षांची इच्छा होती. कधी सासू अंथरुणाला खिळली, कधी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दरवर्षी पिशवी भरायची आणि दरवर्षी रिकामी करायची. यंदा पांढरं पातळ नेसून त्या पहाटेपासूनच ओट्यावर बसून होत्या.

गावाबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून आवाज आला. खर्रर्र!

"काय फाटलं रं?" जाईबाई दचकल्या.

"काय न्हाई, आई. टायर नवीन हायती. हळूहळू बसत्यात."

"बसायचं कुणी? आपण का टायरनी?"

पुढं पावसाळ्यानं उखडलेला रस्ता लागला. खर्रर्र. खर्रर्र. विनोदनं मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावली. थोड्या वेळानं मागून, मंडळींना सोडायला बरोबर निघालेली त्याची बायको भाग्यश्री म्हणाली, "अहो, रबर जळाल्याचा वास येतोय."

"बाहेरनं येतोय."

"बाहेर तर ऊस हाय."

विनोदनं गाडी कडेला घेतली आणि उतरून वाकला. चाकावरच्या पत्र्याच्या कडेनं नव्या कोऱ्या टायरची साल काढली होती. गाडी दबली की टायर पत्र्याला भिडत होता. असंच रेटलं तर तो मधेच फुटणार. आणि डिकीतली स्टेपनी जुन्या मापाची होती, छोटी. ती लावली असती तर गाडी लंगडत दौंडला गेली असती.

"आबा," तो म्हणाला, "खराब रस्ता आला की जरा उतरावं लागंल."

मग ती मिरवणूक सुरू झाली. खड्डा आला की चौघं उतरायचे. विनोद एकटाच गाडी पलीकडं न्यायचा. मंडळी चालत यायची आणि पुन्हा बसायची. आत्या एक हात गुडघ्यावर आणि एक भाग्यश्रीच्या खांद्यावर ठेवून चालत होत्या. त्या एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत, आणि तेच विनोदला जास्त लागत होतं.

एक मोटारसायकलवाला थांबला. "गाडी बंद पडली का, आबा?"

"न्हाई. चांगली चालती की."

"मग तुम्ही का चालताय?"

आबांनी विनोदकडं बोट दाखवलं. "त्याला इचार."

तेवढ्यात जाईबाईंचा फोन वाजला. दौंडच्या फलाटावरून गावची मंडळी ओरडत होती. जाईबाईंनी फोन कानापासून लांब धरला, तरी सगळ्यांना ऐकू आलं. "अवं, कुठं हाय? रेल्वेनं उरुळी सोडली, थोड्या वेळात हितं येती!"

सगळे घाईनं गाडीत बसले. आत्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि डोळ्यात धूळ गेल्याचं सांगितलं.

थोडं पुढं जाताच पुन्हा खर्रर्र झालं. विनोदनं गाडी थांबवली, डिकी उघडली आणि वजन कमी करायला स्टेपनी बाहेर काढली. आत्यांना पुढच्या सीटवर बसवलं. गाडी पुढं घेऊन बघितली. खर्रर्र. मग त्याची नजर डिकीतल्या भाकरी-चटणीच्या गाठोड्यावर गेली.

"हात लावशील तर बघ," जाईबाई म्हणाल्या. "अख्ख्या गावाच्या मंडळींचं जेवण हाय त्यात."

विनोद बायकोकडं वळला. "मग एक माणूस कमी करावं लागंल. भाग्यश्री, तू हितंच थांब. मी ह्यांना सोडून आलोच."

"सुनंला रानात एकटी सोडून जातो व्हय?" जाईबाई कडाडल्या.

"मग काय करू, आई?"

भाग्यश्री शांतपणे म्हणाली, "गाडी मला बी येती. लायसन हाय माझ्याकडं. तुम्हीच उतरा."

"तुला न्हाई जमायचं. रुंद टायरनी स्टेअरिंग लई जड झालंय."

"तुझ्यापरीस जड न्हाई ना?" आबा म्हणाले. "उतर लेका!"

विनोदनं चावी दिली. भाग्यश्रीनं सीट पुढं ओढली, आरसा फिरवला आणि गाडी निघाली. समोरच एक स्पीडब्रेकर होता. विनोद कान देऊन उभा राहिला. गाडी वर चढली, पलीकडं उतरली. आवाज आला नाही. पुढच्या खड्ड्यातही आला नाही. गाडी वळणाआड गेली आणि रस्त्यावर विनोद, स्टेपनी आणि दोन्ही बाजूंना ऊस एवढंच उरलं.

तो स्टेपनीवर बसून राहिला. दर मिनिटाला फोन बघायचा आणि पुन्हा खिशात घालायचा. टायर फुटला असेल का? रेल्वेचं फाटक लागलं असेल का? आत्यांना स्टेशनचा जिना चढवेल का? चाकं बसवली तेव्हा काढलेला फोटो मोबाईलवर समोर आला, तो त्यानं झटकन पुसून टाकला.

शेवटी फोन वाजला. पलीकडं रेल्वेचा खडखडाट होता.

"बसलो बाबा!" जाईबाई ओरडल्या. "मंडळींनी आत्याबाईंना उचलूनच डब्यात घेतलं. खिडकी मिळाली त्यांना. हसत्यात नुसत्या."

विनोद स्टेपनीवरून उठला. "गाडीनं त्रास दिला का, आई?"

"छ्या! तू उतरल्यापास्नं लई गुणाची झाली."

ऊन कलताना भाग्यश्री परत आली. विनोदनं स्टेपनी डिकीत टाकली आणि सवयीनं उजव्या दाराशी गेला. ती जागची हलली नाही. तो मुकाट्यानं वळसा घालून डावीकडं बसला.

"स्टेशनवर दोघातिघांनी इचारलं," ती गिअर टाकत म्हणाली. "ताई, चाकं लई भारी हायेत, कुठनं बसवली?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"शिक्रापुरातनं." ती जराशी हसली. "आन् आईंनी निरोप दिलाय. नागपूरहून परत येताना ह्याच गाडीनं न्यायला बोलावलंय."

विनोदचा चेहरा उजळला. तो सीटवर ताठ बसला. "बघ! म्हंजी आवडली चाकं. येऊ की आपण!"

"आपण न्हाई," भाग्यश्री म्हणाली. "मला एकटीला बोलावलंय."