माती हलकी घ्या हं!

“एक लिंबाचं झाड सांभाळायचं, त्यात काय मोठंसं? तू जा बिनधास्त! परत येशील तेव्हा बाल्कनीत जंगल झालेलं असेल, जंगल!”

काटेकाका हे बोलले तेव्हा काकू बॅगेवर बसून बॅग बंद करत होत्या. लेकीचं बाळंतपण, तेही परदेशात. तीन महिने तरी मुक्काम होता. काकांचं खरं नाव सगळे केव्हाच विसरले होते. गोदामाच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढली, म्हणून काटेकाका! जे वजनाला भारी ते चांगलं, हा त्यांचा सिद्धांत. मग ते कलिंगड असो, नाहीतर जावई!

लिंबू मात्र काकूंचं. त्यांनी बी पेरून वाढवलेलं, बारा वर्षांचं, कमरेएवढं. आजवर एक फूल दिलं असेल तर शपथ! तरी काकू रोज सकाळी त्याच्याशी गप्पा मारायच्या. काकांशी मारायच्या तेवढ्याच, फक्त जरा जास्त प्रेमाने.

फोनवरसुद्धा पहिला प्रश्न ठरलेला. “लिंबू कसं आहे?”

“भारी!”

“आणि तुम्ही?”

“मीपण एकदम भारी!”

भारी कसले डोंबलाचे! काका सवयीने रोज दोन कप चहा ओतत आणि दुसरा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसत. पण हे सांगायचं कसं? बायकोला ‘तुझी आठवण येते’ म्हणायचं, तेही या वयात? छे, छे!

महिनाभराने घरी एक खोकं आलं. पाठोपाठ काकूंचा फोन. “अहो, तुम्ही पाणी घालायला विसरणार, मला ठाऊक आहे. आपोआप पाणी घेणारी कुंडी पाठवलीय. खालच्या टाकीतलं पाणी वातीने वर चढतं. माती तेवढी सेंद्रिय घ्या. आणि हलकी घ्या हं!”

हलकी? काकांना ते लागलंच. मी जिवंत असताना हिच्या लिंबाला हलक्यातली माती? मुळीच नाही! आणू तर भारीतली!

नर्सरीवाल्याने नारळाचा भुसा आणि गांडूळखत मिसळलेलं पोतं पुढे केलं. काकांनी ते एका हाताने उचललं आणि नाक मुरडलं. “हे काय, उशीत भरायचंय?”

“साहेब, कुंडीला हलकीच माती...”

“माणूस बघून बोला! भारी दाखवा, भारी!”

“भारी म्हणजे ती शेतातली चिकणमाती. पण ती...”

“सेंद्रिय आहे ना?”

“शेणखत आहे त्यात. पण साहेब...”

“पणबिण काही नाही!”

नेमकी लिफ्ट बंद. पोतं घेऊन काका पहिल्या मजल्यावर थांबले, दुसऱ्यावर बसले आणि तिसऱ्यावर कसे पोहोचले ते त्यांनाही आठवत नाही. पण लिंबू नव्या कुंडीत लावलं आणि जीव भांड्यात पडला.

टाकीतलं पाणी दाखवणारा काटा खाली गेला की काका खूश. “पितोय पठ्ठ्या!” म्हणत आणखी पाणी ओतायचे, अगदी काठोकाठ! आठवड्याने खालच्या वहिनी वर आल्या. “काका, तुमचं लिंबू आमच्या धुतलेल्या चादरींवर पाझरतंय!” कुंडीत नुसता चिखल झाला होता. पानं आधी पिवळी पडली, मग गळायला लागली. काका झाडापुढे हात जोडून म्हणाले, “अरे बाबा, माझ्यावर राग असेल तर असू दे. पण तिच्यासाठी तरी तग धर!”

त्याच दिवशी काकूंनी विचारलं, “तिकडे सगळं एवढं भारी चाललंय, तर मी आणखी दोन महिने राहू का? लेक फार मागे लागलीय.”

“रहा की! खुशाल रहा!” काका म्हणाले आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी घर अगदी खायला उठलं.

आणि रविवारी फर्मान आलं. “आज व्हिडिओ कॉल करा. मला माझं लिंबू बघायचंय.”

काका थेट नर्सरीत गेले! एका टवटवीत लिंबापुढे उभे राहिले आणि फोन लावला.

“अगंबाई, केवढं झालंय! आणि मागे एवढी झाडं?”

“जंगल म्हटलं होतं ना!”

“अहो, ते फूल आहे का? बारा वर्षांनी फूल आलं?” काकूंचे डोळे पाण्याने भरले. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागून आवाज आला. “साहेब, घेताय की नुसत्याच गप्पा मारताय? त्या झाडाला गिऱ्हाईक आहे!”

काकूंनी डोळे बारीक केले. “अहो, माझं लिंबू कुठेय?”

“मरायला टेकलंय,” काकांनी मान खाली घातली. “तू हलकी म्हणालीस. मी मुद्दाम भारीतली आणली.”

“अहो, हलकी म्हणजे वजनाला हलकी! मुळांना हवा नको लागायला?”

“मी तेच सांगत होतो!” नर्सरीवाला ओरडला.

“आणि तुम्ही?” काकूंचा आवाज एकदम खाली आला. “तुम्ही तरी खरंच भारी आहात ना?”

“नाही गं,” काका म्हणाले. “तुझ्याशिवाय फार जड जातंय.”

नर्सरीवाला लगबगीने दुसऱ्या झाडांना पाणी घालायला गेला.

“तीन आठवड्यांनी येते,” काकूंनी नाक पुसलं. “लिंबासाठी हं! तुमच्यासाठी नाही!”

काका ते उशीसारखं पोतं खांद्यावर टाकून शीळ घालत तिसऱ्या मजल्यावर चढले. सडकी मुळं छाटली, माती बदलली, टाकीत बेताचं पाणी घातलं. आणि काय सांगू, अठराव्या दिवशी लिंबाला दोन कोवळे पोपटी कोंब! काका बाल्कनीत अक्षरशः नाचले.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. “लिंबू कसं आहे हो? सावरलं असेल तर सांगा. लेक म्हणतेय, तिकीट अजून पुढे ढकलता येईल.”

“सावरतंय कसलं! आज-उद्याचं आहे बघ!” काका घाईघाईने म्हणाले आणि कोंबांची बाजू हळूच भिंतीकडे फिरवली. कुंडी एका हाताने फिरली. माती हलकी होती ना!