साळिंदर फौजेचा मोसम आणि दोन स्नेह्यांचा बेबनाव, त्याची बखर

श्री मंगलमूर्ती साक्ष. जे बसून ऐकतात, जे उभे राहून ऐकतात, आणि जे एक डोळा टीव्हीवर ठेवून ऐकतात, त्या सर्वांस लेखकाचा दंडवत. शालिवाहन शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, ते साली महासरोवराचे काठच्या राज्यात जे जाहले ते वर्तमान सादर करितो. राज्य थंड मुलखात, सातासमुद्रांपलीकडे. तेथे साळिंदर नामे फुटबॉलची फौज होती. पायाने चेंडू मारावयाचा तो फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू काखेत धरावा, डोईस शिरस्त्राण घालावे, समोरच्यास आडवे करीत मैदानाचे पल्याडचे टोक गाठावे, तो त्या देशीचा फुटबॉल. भाद्रपदात मोसम सुरू व्हावा, दर रविवारी लढाई व्हावी, आणि माघमासी एकच फौज तख्तावर बसावी, ऐसा रिवाज. साळिंदरांनी तख्त कधी पाहिले नव्हते. वर्षानुवर्षे मार खाल्ला. परंतु त्या साली कोरी ट्रास्क नामे कोवळा सेनापती, ज्यास तेथे क्वार्टरबॅक म्हणतात, फौजेस लाभला आणि पहिली लढाई जिंकली, मग दुसरी जिंकली, मग तिसरी आणि चौथीही जिंकली, आणि सारे नगर खुळे जाहले. दुकानांवर जांभळी निशाणे चढली, न्हाव्यांनी जांभळे केस रंगविले, आणि पाद्रीबाबांनी रविवारचे प्रवचन आटोपते घेतले.

त्या नगरात आपले मुलखातील दोन गृहस्थ राहत. एक सुभानराव जगदाळे, कोरेगावचे, पूल बांधणारे इंजिनियर, देह धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. दुसरे चिंतोपंत परचुरे, विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवीत, देह किरकोळ, परंतु वादास बसले की उठणे ठाऊक नाही. दोघे एकाच साली त्या देशी उतरले, एकाच हिवाळ्यात साळिंदरांचे नादी लागले, आणि फौज हरत असे तेव्हा उघड्या मैदानात बर्फात बसून एका थर्मासमधला चहा प्याले. एके साली सुभानरावांचे पाय बधिर पडले, तेव्हा चिंतोपंतांनी आपले मोजे काढून दिले आणि स्वतः आठवडाभर खोकत राहिले. ऐसा स्नेह. दर रविवारी टीव्हीवर लढाई पाहावयास चिंतोपंतांचे तळघरात मंडळी जमावी, वेणूताई परचुरे यांनी कांदाभजी तळावी, आणि खाली ओरडा ऐसा व्हावा की वर कपाटातील कपबशा वाजाव्यात.

मग आश्विनात घात जाहला. भरल्या लढाईत शत्रूचे दोन पहाडासारखे गडी कोरी ट्रास्कचे गुडघ्यावर पडले आणि त्यास गाडीवर घालून मैदानाबाहेर नेले. त्याचे जागी हँक मलोनी नामे राखीव सेनापती उतरला. वय एकोणचाळीस, दाढी पांढरी, आणि तीन वर्षांत एक चेंडू फेकला नव्हता. ती लढाई गेली. तळघरात सुभानराव कडाडले, "या म्हाताऱ्यास घरी बसवा! मंगळवारपर्यंत दुसऱ्या फौजेचा क्वार्टरबॅक घेता येतो. घ्या एखादा आणि वाचवा मोसम!" चिंतोपंत म्हणाले, "एका लढाईत म्हातारा जाहला काय? हात थंड होता त्याचा. दोन रविवार द्या." सुभानराव म्हणाले, "दोन रविवारांत सारे बुडेल. तुम्हांस हरावयाची सवय लागली आहे, चिंतोपंत. जिंकण्याचे भय वाटते तुम्हांस!" हे लागले. मग चिंतोपंत उठले आणि बोलू नये ते बोलले, "आणि तुम्ही, सुभानराव, जिंकतानाचे सोबती!" सुभानरावांस हे वर्मी बसले. ज्याने बर्फात पाय गमावता गमावता फौजेची पाठ सोडिली नाही त्यास हा शब्द, आणि तोही मोजे देणाऱ्याचे मुखातून! सुभानरावांनी कोट चढविला, हातातील भजे बशीत ठेविले आणि निघून गेले.

पुढील रविवारी सुभानरावांनी आपले घरी एकट्याने लढाई पाहिली. फौज हरली, तेव्हा शिव्या देण्यात गोडी लागेना. त्याचे पुढील रविवारी मात्र मलोनीने शेवटचे घटकेस लढाई जिंकिली आणि सुभानराव सोफ्यावरून उडाले, हात पसरले, आणि पाहतात तो मिठी मारावयास कोणी नाही. इंदुमतीबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "मी आहे की." मिठी जाहली. मग बाईंनी पुसले, "जांभळे आपले ना?" सुभानराव खाली बसले. इकडे तळघरात चिंतोपंत विजयी जाहले, मलोनी खरा ठरला, परंतु 'मी म्हणालो नव्हतो?' हे कोणास म्हणावे? बाकी मंडळी त्यांचे म्हणण्यास रुकार देत, आणि रुकाराने पंतांचे पोट भरत नसे. व्हॉट्सॲपवर दोघेही रात्रंदिन लिहीत, मलोनीचा हात ऐसा आणि बचावफळी तैसी. परंतु एकाचे मजकुरास दुसऱ्याने उत्तर द्यावे, तेवढे होईना.

मग कार्तिक वद्यात तो रविवार उगवला. डोंगरपल्याडचे लांडगे, जे त्या मोसमात कोणास हार गेले नव्हते, ते चालून आले. पहाटेपासून बर्फ ऐसा पडला की मोटारी अंगणातच गाडल्या गेल्या, आणि तळघरात यावयास कोणी निघू शकला नाही. लढाई सुरू जाहली आणि लांडग्यांनी साळिंदरांस फाडिले. मध्यंतरास सतरा गुणांनी मागे. तिसरे डावात शत्रूने मलोनीस उचलून आपटिले. मग म्हातारा बर्फातून उठला, ओठास रक्त, दाढीस बर्फ, आणि हसला! हसला आणि पुढलेच चालीस ऐसा लांब चेंडू फेकिला की गड्याने धावता धावता झेलिला आणि टोक गाठिले. टचडाऊन! सात गुण पदरी! सुभानराव ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "इंदू, माझे बूट कोठे?" बाई म्हणाल्या, "अहो, सामना चालू आहे!" "चालू आहे म्हणूनच. म्हातारा उठतो आणि मी बसून राहू?" "मग फोन तरी करा." "फोनवर काय बोलू?" ऐसे म्हणून गडी बर्फात उतरला. चिंतोपंतांचे घर एरवी दहा मिनिटांचे, परंतु त्या दिवशी गुडघाभर बर्फ, पाऊल काढावे तो बूट आत राही.

दोन वस्त्यांचे मधे ओढा आहे, त्यावर लाकडी साकव. सुभानराव साकवाशी धापा टाकीत पोहोचले, तो समोरून कानटोपी घातलेली किरकोळ मूर्ती लटपटत येते आहे. सुभानराव ओरडले, "चिंत्या!" येथे अहोजाहो सुटले. चिंतोपंत म्हणाले, "सुभान्या, तू? मी तुझ्याकडे निघालो होतो." "सामना सोडून?" "चेंडू लांडग्यांकडे गेला. म्हटले तो परत येईतो तुझे घर गाठेन. जिंकलो असतो तर कुणाकडे पाहिले असते मी? आणि तो शब्द, सुभान्या, माझे तोंडून..." "राहू दे तो शब्द. मागे किती आहोत ते सांग!" "तीन गुणांनी." "तीन गुणांनी! मी निघालो तेव्हा दहा होते!" मग दोघांस एकाच वेळी उमगले की मोसमाची सर्वांत मोठी लढाई चालू आहे आणि आपण साकवावर उभे आहोत. फोनासाठी खिसे चाचपिले. एकाचा थंडीने बंद पडला, दुसरा घाईत घरीच राहिला.

इतक्यात सारी वस्ती चिडीचूप जाहली. एक कुत्रेही भुंकेना. आणि मग एकदम घराघरांतून ऐसा कल्लोळ उठला की साकवाचे कठड्यावरील बर्फ खाली आले. दारे उघडली, भोंगे वाजले, लोक अनवाणी अंगणात नाचू लागले. दोघांनी एकमेकांस मिठी घातली ती सुटेना. सुभानराव रडत होते, चिंतोपंत खोकत होते. पलीकडील ओसरीवर डोरोथीबाई, वय ऐंशीपार, साळिंदरांच्या जुन्या चाहत्या, हाती स्वयंपाकाचा डाव घेऊन नाचत होत्या. दोघे धावत तेथे गेले आणि म्हणाले, "बाई, सांगा, काय जाहले?" बाईंनी डाव वर फेकून दाखविला, "मलोनीने ऐसा फेकिला, अगदी कोपऱ्यात! आणि आपल्या गड्याने पडता पडता झेलिला, रेषेशी, शेवटचे क्षणी!"

सुभानराव म्हणाले, "दोन्ही पाय रेषेचे आत होते?" चिंतोपंत म्हणाले, "असणारच! पंचांनी दिला म्हणजे होतेच." "पंचांस काय दिसते? बर्फाखाली रेष होती काय?" "तू पाहिलेस?" "तू तरी पाहिलेस?" ऐसा वाद पेटला तो ओसरीवरून तळघरापर्यंत चालला, आणि वेणूताईंनी जिन्यावरून आवाज ऐकिला आणि कढई चढविली.

ऐसे हे वर्तमान. मोसम अद्याप चालू आहे, पाच लढाया बाकी, कोरी ट्रास्क कुबडीवर चालू लागला, मलोनीची दाढी पांढरीच आहे. तख्त मिळेल की नाही हे लेखकास ठाऊक नाही. पुढील रविवारी दुपारी एक वाजता लढाई आहे, आणि लेखकास तळघरात जागा धरावयाची आहे, सबब येथेच पुरे.