चाळीस शब्दांची राखण

राजेश्वरीबाईंनी कानांवरचा हेडफोन काढला, चपला पायांत सरकवल्या आणि शेजारच्या शेतात जाऊन परशूला सांगितलं, "तुझं ते करंटाचं कुंपण उद्या संध्याकाळी तासभर बंद ठेव."

परशू विळ्याला धार लावत होता. "आणि गवे आले तर ओ? भात पिकलंय, बाई."

बाजारकुणंगच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी हौशी रेडिओचा परवाना काढला होता. मोर्सच्या टिंबा-रेघांत त्या घरबसल्या जगाशी बोलत. आता त्यांना अतिवेगवान मोर्सवाल्यांच्या मंडळात शिरायचं होतं. त्यासाठी मंडळाच्या एका सभासदाशी मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगाने तासभर गप्पा मारायच्या होत्या, त्याही काहीही लिहून न घेता. या वेगात टिंबं मोजायला सवड नसते. पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखावा, तसा अख्खा शब्द ओळखावा लागतो. भाकरी थापताना, केस विंचरताना बाई वर्षभर तेच ऐकत होत्या. बल्गेरियातल्या एका सभासदाने उद्याची संध्याकाळ दिली होती. नंतर तो जहाजावर जाणार, म्हणजे परीक्षा वर्षभर लांबणार. आणि परशूचं कुंपण सारखं टक्‌टक् करायचं. तो प्रत्येक टक् रेडिओत शिरून एकेक अक्षर गिळायचा.

"तुझं भात मी राखते," बाई म्हणाल्या.

"माळ्यावर बसून डबा वाजवाय लागतोय."

"वाजवते."

"बघा हं. भाताला काय झालं, तर मी काय बोलणार न्हाई. आमची रुक्मा बोलंल."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताच बाई रेडिओ घेऊन शेतातल्या राखणीच्या लाकडी माळ्यावर चढल्या. कुंपण बंद, त्यामुळे त्याची बॅटरी रेडिओला जोडली. एरियलची तार झाडावर टाकली. एक हात मोर्स पाठवायच्या किल्लीवर, दुसरा रेडिओच्या बटणावर. म्हणून डब्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. परशू जोयड्याला बाजाराला गेला होता; त्याची बायको रुक्मा सोबतीला म्हणून वर आली होती. खरं तर तिचा बाईंवर भरवसा नव्हता.

"मधे बोलायचं नाही," बाईंनी बजावलं.

"मी कशाला बोलते?" रुक्मा म्हणाली, आणि बोलत राहिली.

बल्गेरियाचा आवाज फार क्षीण होता. बाईंनी रेडिओ पूर्ण मोठा केला, हेडफोन दाबून धरला आणि डोळे मिटले. शब्द ओळखू येऊ लागले. त्याचं घर, त्याची मांजर, त्याच्या गुडघ्याचं दुखणं. बाई रंगल्या, आणि अंगठा हलायचा थांबला.

"बाई, डबा!"

बाईंनी हात वर केला. म्हणजे गप्प बस.

"ओ बाई, गवे! तीन हायत!"

बाईंनी एक डोळा उघडला. काळी धुडं बांधावर उभी होती. थांबावं, तर वर्षाची मेहनत बुडणार; न थांबावं, तर परशूचं भात. बाईंनी किल्ली न सोडता अंगठा जोरात ओढला. दोरी तुटली.

आता मात्र रुक्माचा धीर सुटला. "काढा ते कानातलं!" म्हणत तिने हेडफोन हिसकला. वायर निसटली आणि इतका वेळ बाईंच्या कानात कोंडलेला बल्गेरिया सगळ्या शिवारावर कोसळला. कर्कश, चिरचिरता, एका श्वासाचीही उसंत नसलेला. गव्यांनी शेपट्या उचलल्या आणि ते जंगलात घुसले.

किल्लीवरचा हात भेदरून सुसाट धावला, पण बाईंचा एकही शब्द चुकला नाही. तास पुरा झाल्यावर सभासदाने विचारलं, "मध्येच तुमचा हात एवढा का धावला?"

"गवे आले होते," बाईंनी खरं ते कळवलं.

"पाहुण्यांना माझा नमस्कार सांगा," त्याने उत्तर दिलं, आणि शिफारस करतो म्हणाला.

जोयड्याहून परतलेल्या परशूने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कुंपण काढून ठेवलं. "आता ते कशाला? तुम्ही हाय की. कापणीपातूर रोज या."

बाईंना आणखी काय हवं होतं? टक्‌टक् गेली, माळा मिळाला, रोजचा सराव सुरू झाला. हेडफोन घरीच राहिला.

पुढच्या आठवड्यात बाई जपानमधल्या कुणाशी आरामात चाळीसच्या वेगाने बोलत होत्या. रुक्माने खाली वाकून पाहिलं.

"बाई, चालवा की जरा जोरात. ह्या वेगाला गवे भीक घालंना झालेत. थोरला तर कान हलवत ऐकत उभा हाय."

बाईंनी पदर खोचला आणि जपानला कळवलं, "पंचेचाळीसने चालू या. माझा नाइलाज आहे."