शेळीचे सहा संशोधक

नवनाथला चहा जपून पाजावा. कप खाली ठेवायच्या आत तो म्हणतो, "सर, पुढच्या पेपरात तुमचं नाव घालतो." मी कॉलेजचा ग्रंथपाल. एकदा त्याला मोटारसायकलवरून मुरूम गावच्या स्टँडवर सोडलं, तर प्राणिशास्त्रज्ञ होता होता वाचलो.

तो आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे पीएच.डी. झालेली, पण दर जूनला तास मिळणार की नाही, हे संस्थाचालक साहेबांच्या मर्जीवर. घरी पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या, संशोधनही शेळीच्या पोटातल्या जंतांवर. लेंड्या गोळा करणार हा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणार हा, आणि पेपरावर सगळ्यांत शेवटचं नावही ह्याचंच.

"पेपर म्हंजी लग्नपत्रिका, सर," तो मला समजावतो. "एक नाव राहिलं की मांडवात रुसवा. आन् जावायाचं तर वरच पायजे!"

जावई म्हणजे संस्थाचालकांचे. भूगोल शिकवतात. शेळी त्यांनी पाहिलीय ती ताटातच.

यंदा एका चांगल्या नियतकालिकानं नवनाथचा मोठा पेपर घेतला. अट एकच, नावं फक्त सहा. मार्गदर्शक, प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, जावई. ह्यांतलं वगळणार कुणाला? अंक आला, तर सहावं नाव रेखा मॅडमचं. त्याही तासिकेवरच, गेल्या वर्षी लागलेल्या. नवनाथचं नावच नाही!

"पत्रिकेत नवरदेवच राहिला की रे!" उपप्राचार्य म्हणाले. स्टाफरूम हसून लोळली. नवनाथनं कपाळावर हात मारला. "लई घाई झाली बघा."

मला काही पटेना. ह्याचा स्वल्पविराम चुकत नाही कधी. ग्रंथालयात गाठून विचारलं, "खरं सांग, विसरलास?"

तो पुस्तकांच्या कपाटाकडं बघत राहिला. "तिनं वर्षभर माज्यासंगं लेंड्या धुतल्या, सर. पुढच्या महिन्यात कायम जागंची मुलाखत हाय तिची. पेपर न्हाय तर दारातच उभं करत्याल. माजं तर वय चाललंय निघून. एकजण तरी लागू द्या."

"आणि तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की. लई वाटतंय. पर तिला सांगू नका. कळलं तर मुलाखतीत मान वर व्हायची न्हाय तिची."

 

तेव्हापासून रेखा मॅडम स्टाफरूममध्ये असल्या, की नवनाथच्या विसराळूपणाची थट्टा मीच सगळ्यांत मोठ्यानं करतो.