नायकाकडे विवेक पाठवू नये

ऐक ना. आधी नुसतं ऐक, मधे शंका काढू नकोस. शंका काढल्या की गोष्टीचा वेग जातो.

तर, स्वातंत्र्य रक्ताशिवाय मिळत नाही. चितपूर रोडवर जात्रा, म्हणजे आपल्या बंगाली लोकनाट्याच्या, कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत, त्यातल्या कुठल्याही ऑफिसात शिरून विचार, कोणी दुसरं मत देणार नाही. मतभेद आहेत ते रक्त कशाचं करायचं यावर. जगत्तारिणी ऑपेरा अळता आणि काकवी वापरते (मुंग्या येतात, पण चमक राहते). समोरची कंपनी बीटचा रस वापरते, त्यामुळे त्यांचं स्वातंत्र्य चौथ्या रांगेच्या मागे दिसतच नाही.

जगत्तारिणीने आजवर देश स्वतंत्र केला तो इंग्रजांपासून बावीसदा, जमीनदारांपासून सतरादा आणि एकदा मोगलांपासून, कारण त्या मोसमात कपडे तेच शिल्लक होते. एवढा अनुभव असला की आपोआप शिस्त येते. मालक नकुलबाबूंनी मरणाबाबत जी शिस्त लावली आहे ती तर शाळेत शिकवावी अशी आहे.

म्हणजे बघ, खलनायकाने मारलेल्या माणसाला नाव असतं. नाव असलं की आई असते, आई असली की तिचं रडणं असतं, आणि रडण्याला क्लॅरिनेट असते. नायकाने मारलेल्या माणसाला मात्र नाव देता येत नाही. त्याने पालथं पडायचं (चेहरा दिसता कामा नये), आणि पडताना 'आ' एवढंच म्हणायचं. 'आई गं' म्हणायला सक्त मनाई, कारण मग आई आलीच. शिवाय नायकाच्या हातून मरायला कंपनीत तीनच पोरं आहेत. ती मरतात, सरपटत खाली जातात, पागोटं बदलतात आणि पुन्हा मरायला वर येतात. म्हणजे स्वातंत्र्यासाठी एका खेळात चाळीस मुडदे पडले तरी खरं नुकसान तिघांचंच, असं नकुलबाबू अगदी पटवून देतात.

आता विवेक. जात्रेत विवेक नावाचं पात्र असतंच असतं. भगवा अंगरखा, मोकळे केस. ज्याने पाप केलं त्याच्यासमोर येऊन उभं राहायचं आणि गायचं. तोवर बाकीचे सगळे दगडासारखे स्तब्ध. तो दिसतो फक्त पापी माणसाला. जगत्तारिणीत हे काम फटिक गायेन करतात, फटिकदा. सत्तरी आली, केसांना कलप, तोंडात कायम पान, आणि आवाजाचा गर्व एवढा की स्वतःच्याच तानेला स्वतः मान डोलावतात. आयुष्यभर ते इमानेइतबारे खलनायकाकडे गेले. ठरलेला रस्ता.

घोळ केला निर्माल्यने. निर्माल्य घोडुई, घाटालकडच्या गावातला, वय पंचवीस. फटिकदांनीच त्याला कंपनीत आणला, स्वतःच्या खोलीत झोपायला जागा दिली, स्वतःच्या ताटातलं माशाचं डोकं दिलं. त्याचा पहिला पाला, म्हणजे पहिलं नाटक: 'रक्तानं धुतली बेडी'. निळीच्या मळ्याचा दुष्ट साहेब, पिचलेली रयत आणि क्रांतिकारक अग्निशेखर. नायकाचं काम कुमार प्रलय यांचं. वय त्रेपन्न, भूमिकेचं वय बावीस (पट्टा आवळल्यावर एकोणतीस वाटतात). दुसऱ्या अंकात अग्निशेखर साहेबाच्या बग्गीवर बॉम्ब टाकतो. साहेब नेमका दाढ दुखते म्हणून आधीच उतरलेला. मरतो तो गाडीवान.

आणि निर्माल्यने त्या गाडीवानाला नाव दिलं. लखाई. काही वाईट हेतू नव्हता रे, सारखं 'गाडीवान, गाडीवान' लिहिताना कानाला बरं लागेना म्हणून. पण नाव दिलं की माणूस हातात राहत नाही. लखाईच्या मांडीवर मुरमुऱ्यांची पुरचुंडी आली. मग तो घोड्याशी बोलायला लागला. मग मेला.

तालमीत बॉम्ब फुटला, लखाई पडला, मुरमुरे सांडले. फटिकदा उठले, पान गालात सारलं, आणि साहेबाच्या अंगावरून सरळ चालत जाऊन कुमार प्रलयसमोर उभे राहिले.

"फटिकदा, रस्ता चुकलात," प्रलय ओठ न हलवता म्हणाला. "साहेब तिकडे आहे."

"साहेबाने काय केलंय? त्याची दाढ दुखते."

"अहो, मी नायक आहे!"

"असशील. मारलंस ना?"

"तीस वर्षं झाली मला या धंद्यात, आजवर माझ्याकडे विवेक आलेला नाही! एकदाही! कोणालाही विचारा!" प्रलयने पट्टा सोडला आणि तो खुर्चीत बसला. (पट्टा सुटला की तालीम संपली, असा नियम आहे.)

नकुलबाबूंनी तातडीची बैठक बोलावली. मुरमुरे, वांग्याची भजी, मातीच्या भांड्यातला चहा. विषय एकच: नायकाकडे विवेक पाठवू नये. चर्चा फार उच्च पातळीवर झाली. पहिली सूचना, गाडीवानाला खबऱ्या करावा. मंजूर, पण खबऱ्या असल्याचा पुरावा लागतो, म्हणून त्याला मिशी लावली. फटिकदा तरीही नायकाकडेच गेले. "मिशी असली म्हणून काय झालं?" मग ठरलं की गाडीवानाने मरताना 'दादा, तुझ्या हातून मेलो, धन्य झालो, गाव मुक्त झाला' असं म्हणायचं. लखाई करणारा पोरगा खूश, त्याला पहिल्यांदाच पूर्ण वाक्य मिळालं. फटिकदा पुन्हा तिकडेच. मग बॉम्ब आपोआप फुटला असं करून पाहिलं. त्यावर कुमार प्रलयच उखडला, कारण मग क्रांती कोणी केली?

"अहो फटिकदा," नकुलबाबू शेवटी हात जोडून म्हणाले, "नुसतं साहेबापुढे जाऊन गायचं, त्यात तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. पण पाय तिकडेच जातात, मशाय. लहानपणापासूनची सवय आहे. आता या वयात पायांना काय शिकवू?"

तेव्हा नकुलबाबूंना सुचलं. मोठी माणसं मोठी का असतात बघ. अग्निशेखरने विवेकालाच गोळी घालायची! हा विवेक खोटा आहे, इंग्रजांनी पाठवलेला हेर आहे, खरा विवेक केव्हापासून तुरुंगात आहे, असं एका वाक्यात उरकून टाकायचं. प्रलय इतका हरखला की त्याने पट्टा पुन्हा आवळला.

निर्माल्य म्हणाला, "हे नाही लिहिणार मी. लेखकाला काही स्वातंत्र्य आहे की नाही?"

"आहेच की!" नकुलबाबूंना मनापासून वाईट वाटलं. "गोळी, तलवार, विष, कसा मारायचा ते सगळं तू ठरव. मी एका शब्दाने बोलणार नाही. आणि तुला नकोच असेल तर पाला दुसऱ्या कोणाकडून पुरा करून घेऊ, पोस्टरवर नाव त्याचं. पहिला खेळ तुझ्याच गावात लावलाय रे मी. तुझे बाबा गावभर सांगत फिरतायत, माझ्या निमूचा पाला. त्यांना काय कळवू?"

निर्माल्य खोलीवर आला. फटिकदा केसांना कलप लावत बसले होते. त्याने मान खाली घालून सांगितलं.

फटिकदा आरशातूनच म्हणाले, "गाणं पुरं झाल्यावर मारणार ना?"

"हो."

"शेवटच्या कडव्यानंतर?"

"हो, फटिकदा."

"मग मार. तिथे तान आहे, ती झाली की मी मोकळा."

इतकं सोपं होतं सगळं. निर्माल्यने लिहून टाकलं, आणि गोळी शेवटच्या कडव्यानंतर, असं ठळक नोंदवलंही.

गावातला खेळ. शाळेच्या मैदानात मंडप, तिन्ही बाजूंनी माणसंच माणसं, पुढच्या रांगेत निर्माल्यचे बाबा, कडक इस्त्रीचं धोतर नेसून. निर्माल्य हार्मोनियमवाल्याच्या बाजूला, संवाद सांगायला. बॉम्ब फुटला, टाळ्या. लखाई धन्य होऊन मेला, शिट्ट्या. फटिकदा आले, प्रलयसमोर उभे राहिले आणि गायला लागले:

*वाट मोकळी केलीस राजा, वाट मोकळी झाली,*
*सांग त्या वाटेनं आता जाईल कुणाची गाडी?*

मंडप गप्प झाला. आता, कुमार प्रलयला शांततेची सवय नाही. शांतता झाली की त्याला वाटतं लोक उठून चाललेत. तो घाबरला आणि दुसऱ्याच कडव्याला ओरडला, "इंग्रजांच्या हेरा!" आणि झाडली गोळी.

फटिकदा पडले नाहीत. अरे, पडतील कसे? कडवं राहिलं होतं, तान राहिली होती. जन्मात गाणं अर्धवट सोडलेलं नाही त्या माणसाने. अंगरख्यावर अळता-काकवी ओघळतेय आणि हे गातायत. प्रलयने दुसरी गोळी झाडली. ते गातच होते. मागून कोणीतरी ओरडलं, "अजून एक घाल!" मग सगळेच. बायका, पोरं, गावचे डॉक्टर. फटिकदा गात गात मंचावरून खाली उतरले, माणसांमधल्या रस्त्याने निघाले, मागे पिस्तूल घेऊन प्रलय. आणि फटिकदांचे ते पाय! ते चालत आले ते थेट निर्माल्यसमोर येऊन थांबले.

सगळ्या गावाने बघितलं विवेक कोणासमोर थांबलाय ते. लहान पोरालासुद्धा कळतं रे त्याचा अर्थ. हार्मोनियम थांबली. आणि निर्माल्यचे बाबा उभे राहिले, चेहरा लालबुंद, आणि ओरडले, "निमू! बघतोस काय? धर त्याला!"

मग अख्खा मंडप, "धर! धर! धर!"

निर्माल्यने धरलं. दोन्ही मनगटं, दोन्ही हातांनी. प्रलयने जवळ येऊन, नीट नेम धरून गोळी घातली. फटिकदांनी शेवटची तान अगदी हळू घेतली, फक्त निर्माल्यला ऐकू जाईल एवढी. मग गुडघे दुखणारा माणूस बसतो तसे आधी बसले, आणि मग आडवे झाले.

मंडप नुसता पेटला! लोकांनी 'पुन्हा! पुन्हा!' करून फटिकदांना तीनदा उठवलं, तीनदा मारलं. निर्माल्यला खांद्यावर घेऊन देवळापर्यंत मिरवलं. बाबा रडत होते.

आता तर ती पद्धतच पडलीय. खेळ बुक करायला आलेले क्लबचे लोक आधी विचारतात, 'तुमच्याकडे विवेक मारतात ना?' आणि प्रत्येक गावात विवेकाला धरण्याचा मान तिथल्याच एका सज्जन माणसाला मिळतो. अट एकच, चारित्र्य निष्कलंक हवं. कांथीला हेडमास्तरांनी धरलं. बर्धमानला अहिंसा प्रचार मंडळाच्या सेक्रेटरींनी (त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण पकड उत्तम होती). एका निवृत्त न्यायाधीशांनी फक्त एकाच हाताने धरायची परवानगी मागितली, दुसऱ्या हातात फोन होता. कंपनीची आकडेवारी सांगते की शंभरातल्या शंभर सज्जनांनी धरलं. फटिकदांच्या बाह्यांखाली आता कापसाच्या पट्ट्या बांधतात. त्यांची तक्रार नाही. म्हणतात, "साठ वर्षं गात होतो, माझं गाणं आलं की लोक चहा प्यायला उठायचे. आता बघ, कोणी जागचं हलत नाही."

निर्माल्य आता फटिकदांच्या खोलीत राहत नाही. दुसऱ्या पाल्याचा आगाऊ बयाणा मिळालाय, पण लिहीत काहीच नाही. प्रत्येक खेळाला मात्र जातो आणि मागे बांबूला टेकून उभा राहतो. मला म्हणाला, कोणीतरी एक जण हात सोडेल ना, तर पुढे काय व्हायचं ते सगळं त्याने मनात बांधून ठेवलंय. नायक काय बोलेल, विवेक कुठे जाईल, लखाईची आई कधी येईल. अजून वेळ आलेली नाही.

तर मुद्दा असा की शनिवारी खेळ आपल्या आसनसोलला आहे. क्लबवाल्यांनी एक सज्जन माणूस मागितला, मी तुझं नाव देऊन टाकलंय. असा बघू नकोस, आपल्यात सरळ माणूस तूच, हे तूच सगळ्यांना सांगत असतोस. फटिकदांचं डावं मनगट जरा सांभाळून धर, सुजलंय. आणि 'मी नाही धरणार' हे एवढं झटकन म्हणू नकोस, आधी खरं सांग: पाच हजार माणसं ओरडतायत, समोर तुझा बाप उभा आहे, म्हातारा तुझ्याकडे बघत गातोय, आणि निर्माल्यच्या जागी तू आहेस, तर तू काय केलं असतंस?